समांतर रेषा टोकाला जाऊन ओळखायच्या नसतात

पारोळ्याहून एका ताईंनी विचारलं आहे. त्यांची मुलगी आठवीत आहे. घटक चाचणीत तिने "ज्या दोन रेषा एकमेकींना कधीच छेदत नाहीत त्या समांतर रेषा" अशी व्याख्या लिहिली आणि एक गुण गेला. पुढच्या प्रश्नाच्या आकृतीत दोन रेषा, त्यांना छेदणारी तिसरी रेषा आणि एक कोन ७०° असं दिलं होतं. तिने त्याचा व्युत्क्रम कोनही ७०° लिहिला, तिथेही काट बसली. ताईंचं म्हणणं असं, की दोन्ही उत्तरं पुस्तकातलीच वाटतात, मग चुकलं काय? आणि संगत, व्युत्क्रम, आंतरकोन ही नावं घोकून घेण्यापलीकडे हा धडा घरी समजावायचा कसा?

ताई, मी ३१ वर्षं एरंडोल-अमळनेर भागातल्या शाळांमध्ये गणित शिकवलं. तपासणाऱ्या शिक्षकांनी दोन्ही ठिकाणी बरोबरच केलं आहे. पण मुलीला रागावू नका. "समांतर रेषा व छेदिका" या धड्यात अडखळण्याच्या ज्या दोन मुख्य जागा आहेत, नेमकी त्याच दोन जागांवर ती अडखळली आहे. माझ्या वर्गातली निम्मी मुलं तिथेच अडखळायची.

आधी व्याख्या घेऊ. तिच्या वाक्यातून सुटले ते दोनच शब्द: "एकाच प्रतलातील". पुस्तकातली ओळ म्हणून ते लिहायचे, असं समजून मुलं ते गाळतात. जळगाव, भुसावळ, कुठेही रेल्वेवरच्या उड्डाणपुलाखाली तिला एकदा उभं करा. खालून रूळ गेलेत, वरून रस्ता गेलाय. रस्ता आणि रूळ कुठेच एकमेकांना छेदत नाहीत, कितीही लांब नेले तरी छेदणार नाहीत. मग ते समांतर झाले का? रूळ पूर्व-पश्चिम, रस्ता दक्षिण-उत्तर. लहान मूलसुद्धा सांगेल की ही समांतर जोडी नाही. छेदत नाहीत, कारण एक खाली आहे आणि एक वर, दोघांना मिळून एक सपाट पृष्ठभाग नाही. मुलीच्या व्याख्येप्रमाणे मात्र ही जोडी समांतर ठरते. म्हणून गुण गेला.

घरात करून पाहायचं तर टेबलावर एक पेन ठेवा, दुसरं पेन त्याच्या वर वीतभर उंचीवर आडवं धरा. आता एक पुठ्ठा घ्या आणि दोन्ही पेनं पूर्ण लांबीने त्याच पुठ्ठ्याला टेकतील असा बसवून पाहायला सांगा. बसणार नाही. मग वरचं पेन हळूहळू फिरवत खालच्या पेनाच्या दिशेत आणा, पुठ्ठा लगेच बसेल. प्रतल हा शब्द मी वर्गात असाच शिकवायचो. पुठ्ठा बसला की प्रतल एक.

कागदावर सगळं एकाच प्रतलात असतं, म्हणून तिथे दोन रेषांचं नातं तीनच प्रकारचं असू शकतं. एका बिंदूत छेदतील, एकाही बिंदूत भेटणार नाहीत, किंवा एकीवर एक तंतोतंत पडून एकच रेषा होतील. दोन बिंदूंत भेटून पुन्हा वेगळ्या होणं रेषांना जमत नाही, कारण दोन भिन्न बिंदूंतून एक आणि एकच रेषा जाते. हे वाक्य तिला पक्कं करून घ्या, पुढे मोठ्या कामाला येणार आहे. हीच तीन नाती दहावीत समीकरणांच्या वेशात परत येतात. १ डझन केळी आणि २ किलो भरताची वांगी मिळून १०० रुपये, आणि त्याच भावाने २ डझन केळी व ४ किलो वांगी मिळून २२० रुपये असं कोणी सांगितलं, तर असा भाव असूच शकत नाही. आलेखावर काढल्या तर या दोन समांतर रेषा होतात. २२० च्या जागी २०० असते तर दुसरी ओळ म्हणजे पहिलीच झाली असती, रेषेवर रेषा.

आता "कधीच" या शब्दाकडे. तिने वहीत दोन तुकडे काढलेले असतात, ते वहीच्या पानावर भेटत नाहीत, म्हणून मुलं त्यांना समांतर म्हणतात. पण वहीतला तुकडा हा रेषाखंड. रेषा दोन्ही बाजूंना अमर्याद असते. पानाबाहेर, गावाबाहेर ती चालूच आहे. एका टोकाला दोघींत ४ सेंटिमीटर आणि दुसऱ्या टोकाला ३.९ असेल, तर डोळ्याला कळणारही नाही, पण त्या पुढे कुठेतरी नक्की भेटतील. मग समांतर आहेत हे ठरवायचं कसं? टोकाला जाऊन पाहता येत नाही, कारण टोकच नाही. या धड्यातली सगळी प्रमेयं या एका अडचणीसाठी आहेत. मुलांना प्रमेयं देतात, पण ही अडचण आधी दाखवत नाहीत. मला हे फार खटकतं.

अडचण कशी सुटते ते मला शाळेपेक्षा आमच्या शेतात आधी दिसलं होतं. आमचे आप्पा मृगात पेरणीला तिफण धरायचे. तिफणीला तीन फण, त्यांच्यातलं अंतर कायमचं ठरलेलं, म्हणून एका फेरीत तीन ओळी सारख्या अंतरावर पडतात. मी सातवी-आठवीत असताना एकदा हट्टाने पहिलं तास, म्हणजे पेरणीची पहिली ओळ, मी धरलं. बांधाच्या कडेकडेने बैल चालवत गेलो. बांधाला मध्ये एक बाक होता, तो माझ्या तासात उतरला. त्याच्या शेजारचं तास पहिल्याला धरून, त्याच्या शेजारचं दुसऱ्याला धरून. शेताच्या मध्यापर्यंत तोच बाक गेला. प्रत्येक दोन ओळींत अंतर सगळीकडे सारखं होतं, तरी एकही ओळ सरळ नव्हती. आप्पा रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी शेताच्या उरलेल्या भागात त्यांनी समोरच्या बांधावरच्या निंबावर नजर लावली, या टोकाला खुंटी ठोकली आणि खुंटी ते निंब अशी दोरी ताणली. "नजर चुकस, दोरी चुकत नही," एवढंच म्हणाले. खुंटी आणि निंब, दोन बिंदू, एक रेषा.

म्हणून "सारख्या अंतरावर असतात त्या समांतर" असं कोणी शिकवलं तर तिथेही सांभाळायचं. रेल्वेचे रूळ सगळ्यांना समांतर रेषांचं उदाहरण म्हणून देतात. ब्रॉडगेजच्या दोन रुळांत १,६७६ मिलिमीटर अंतर राखलेलं असतं, पाचोरा-जामनेरच्या जुन्या छोट्या गाडीच्या रुळांत ते ७६२ मिलिमीटर असायचं. पण वळणावर रूळ वळतात, तिथे ते रेषाच राहत नाहीत. सरळ पट्ट्यात उदाहरण बरोबर आहे, वळणावर नाही. आणि लांबवर रूळ भेटल्यासारखे दिसतात ती डोळ्याची रीत आहे. जितकं लांब तितकं लहान दिसतं, म्हणून मधलं अंतरही लहान दिसतं. अनंतात समांतर रेषा भेटतात असं मानून चालणारी वेगळी भूमिती आहे, ती चित्रकलेतून वाढली. शाळेच्या पेपरात समांतर रेषा कुठेच भेटत नाहीत, एवढंच लिहायचं.

अंतर हा शब्दही मुलं तिरकं मोजून बिघडवतात. कापूस चौफुलीवर लावताना उभ्या ओळी पडल्या की आडव्या पाडतात आणि दोन्ही जिथे छेदतात तिथे सरकी टोचतात, म्हणजे तण काढायचं कोळपं उभंही चालतं आणि आडवंही. समजा चार फुटांवर चार फूट लावायचं आहे. उभ्या ओळी नीट चार फुटांवर पडल्या. मग एका उभ्या ओळीवर चार-चार फुटांवर खुणा केल्या आणि तिथून आडव्या दोऱ्या ताणल्या, पण सगळ्याच दोऱ्या काटकोनापासून ३०° कलल्या. आडव्या ओळी एकमेकींना समांतर आहेत, उभ्या ओळीवरची मापं चार फूट आहेत, तरी आडव्या ओळींमधलं खरं अंतर भरतं जेमतेम साडेतीन फूट. कोळप्याला रुंदी खरी लागते. दोन समांतर रेषांमधलं अंतर म्हणजे लंब टाकून मोजलेलं अंतर, दोन्ही रेषांना काटकोनात असलेला सर्वांत आखूड रस्ता. समांतर असतील तर हा लंब कुठेही टाका, लांबी तीच येते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. टोकाला न जाता, जागेवर उभं राहून समांतरपणा कसा ओळखायचा? दोन रेषांकडे बघून ते कळत नाही. तिसरी रेषा लागते. दोघींना छेदणारी ती तिसरी रेषा म्हणजे छेदिका. दोन रेषांमध्ये काय नातं आहे ते छेदिका तिच्यापाशी झालेल्या कोनांतून सांगते. प्रत्येक छेदनबिंदूपाशी चार कोन, एकूण आठ. वर आणि खाली कोन जुळले, की दोन्ही रेषा कधीच भेटणार नाहीत हे इथूनच, वहीच्या पानावरूनच, खात्रीने सांगता येतं. भूमितीत मला याहून मोठं आश्चर्य शाळेच्या वयात दुसरं दिसलं नव्हतं. हाताएवढ्या जागेतलं मोजमाप अमर्याद लांबीबद्दल खात्री देतं.

ही खात्री येते कुठून ते तिला करून दाखवा, अर्धा तास लागेल, त्यानंतर व्युत्क्रम कोन ती आयुष्यात विसरणार नाही. एक बटर पेपर किंवा दिव्यासमोर धरला की आरपार दिसेल असा पातळ कागद घ्या. वहीत एक तिरपी छेदिका काढा. तिच्यावर अ आणि ब असे दोन बिंदू घ्या. अ मधून एक रेषा काढा. मग ब मधून दुसरी रेषा अशी काढा की छेदिकेच्या एका बाजूला अ पाशी जितका आतला कोन आहे, तितकाच छेदिकेच्या दुसऱ्या बाजूला ब पाशी आतला कोन होईल. हेच आंतरव्युत्क्रम कोन. समजा दोन्ही ७०° घेतले. आता ही आकृती बटर पेपरवर जशीच्या तशी उतरवून घ्या. अ आणि ब यांच्या बरोबर मध्ये म बिंदू. तिथे टाचणी टोचा आणि बटर पेपर अर्धा फेरा फिरवा, म्हणजे वरचं खाली येईपर्यंत.

काय होतं ते बोटाने पाहायला लावा. छेदिका छेदिकेवरच पडते. अ ब वर जातो, ब अ वर जातो. कोन सारखे आहेत म्हणून अ मधली रेषा ब मधल्या रेषेवर तंतोतंत बसते, ब मधली अ मधल्या रेषेवर. फिरवूनही आकृती तीच. इथे थांबा आणि तिला एकच प्रश्न विचारा: या दोन रेषा उजवीकडे लांब कुठेतरी भेटत असत्या तर? भेटत असत्या तर बटर पेपर फिरवल्यावर ती भेट डावीकडे आली असती. पण आकृती तर तीच आहे, म्हणजे त्या डावीकडेही भेटायला हव्यात. उजवीकडे एक भेट, डावीकडे एक भेट, दोन रेषांत दोन सामाईक बिंदू. आणि दोन बिंदूंतून तर एकच रेषा जाते. म्हणजे हे घडूच शकत नाही. दोघी कुठेच भेटत नाहीत.

यात एकही सूत्र नाही, फक्त टाचणी आणि ते मघाचं वाक्य. माझ्या वर्गात हे केल्यावर मागच्या बाकावरची मुलं कागद पुन्हा पुन्हा फिरवून बघायची. एका मुलाने दुसऱ्या दिवशी विचारलं होतं, "सर, कोन सारखे नसतील तर?" मग दोन्ही रेषा छेदिकेच्या ज्या बाजूला आतल्या दोन कोनांची बेरीज १८०° पेक्षा कमी भरते, त्या बाजूला भेटतात. इसवी सनापूर्वी सुमारे ३०० च्या आसपास युक्लिडने हे आपल्या पाचव्या गृहीतकात लिहून ठेवलं. बेरीज १७९° असली तरी भेटणार, फक्त लांब जाऊन.

आता तिच्या दुसऱ्या काटेकडे येऊ. त्या आकृतीत दोन रेषा समांतर आहेत असं दिलेलं होतं का, ते तिला पुन्हा वाचायला सांगा. माझा अंदाज आहे की दिलेलं नव्हतं. आकृतीत त्या समांतर दिसत असतील. पण दिसणं आणि दिलेलं असणं यांत परीक्षेच्या पेपरावर फार अंतर आहे. कोणत्याही दोन रेषांवर छेदिका टाकली की व्युत्क्रम कोन तयार होतात. त्यांना व्युत्क्रम हे नाव जागेमुळे मिळतं, मापामुळे नाही. ते सारखे असतात ते रेषा समांतर असल्या तरच. नाव म्हणजे शेजाऱ्याचा पत्ता, त्या पत्त्यावर कोण राहतं ते वेगळं शोधावं लागतं.

इथे दोन उलट दिशांची वाक्यं आहेत. मुलं ती एकच समजतात. "रेषा समांतर असतील तर व्युत्क्रम कोन समान असतात" हा गुणधर्म. "व्युत्क्रम कोन समान असतील तर रेषा समांतर असतात" ही कसोटी. समांतरपणा हातात असेल तेव्हा गुणधर्म वापरून कोन काढायचा, कोन हातात असतील तेव्हा कसोटी वापरून समांतरपणा सिद्ध करायचा. नववीत कारणं लिहायला लागतात तेव्हा यावर गुण जातात. "पाऊस पडला की अंगण ओलं होतं" आणि "अंगण ओलं आहे, म्हणजे पाऊस पडला" ही वाक्यं एक नाहीत, कोणी सडाही घातला असेल. भूमितीच्या या धड्यात दोन्ही वाक्यं खरी निघतात, म्हणून फरक लपून जातो. पण दोन्हींची सिद्धता वेगळी आहे. बटर पेपरने आपण कसोटी सिद्ध केली. गुणधर्मासाठी आणखी एक गोष्ट मान्य करावी लागते: रेषेबाहेरच्या बिंदूतून त्या रेषेला एकच समांतर रेषा काढता येते. ती मान्य केली की झालं. दिलेल्या बिंदूतून समान कोनाची रेषा काढा, कसोटीने ती समांतर, समांतर तर एकच, म्हणून दिलेली रेषा तीच.

ही गोष्ट मान्य करावी लागते, सिद्ध होत नाही, हे समजायला माणसांना दोन हजार वर्षं लागली. १८२९ मध्ये लोबाचेव्हस्की आणि १८३२ मध्ये बोयाई या गणितज्ञांनी ती न मानता उभी राहणारी भूमिती छापून दाखवली. तिच्यात एका बिंदूतून अनेक समांतर रेषा जातात. आठवीच्या मुलीला एवढ्यात शिरायचं कारण नाही. पण घरात पृथ्वीचा गोल असेल तर एक दाखवाच. ७५° पूर्व रेखांश धुळे आणि जळगावच्या मधून जातो, धुळे त्याच्या थोडं पश्चिमेला, जळगाव थोडं पूर्वेला. गोलाच्या पृष्ठभागावर रेखांश आणि विषुववृत्त यांनाच सरळ रेषा मानू. तो रेखांश आणि शेजारचा ७६° चा, दोन्ही विषुववृत्ताला काटकोनात छेदतात. आतले कोन ९०° आणि ९०°. आपल्या कसोटीने ते समांतर असायला हवेत, पण ध्रुवावर भेटतात. बटर पेपरचा युक्तिवाद कुठे तुटला ते तिलाच शोधू द्या. उत्तर ध्रुवावर एक भेट, दक्षिण ध्रुवावर दुसरी भेट. गोलावर "दोन बिंदूंतून एकच रेषा" हे मघाचं वाक्य ध्रुवांसारख्या समोरासमोरच्या बिंदूंना लागूच होत नाही. म्हणून मी म्हणालो होतो की ते वाक्य पक्कं करून घ्या.

नावांचं मात्र लांबण लावायला नको. आठ कोन म्हटले तरी समांतर रेषांवर मापं दोनच असतात. एक ६५° असेल तर चार कोन ६५° चे आणि चार ११५° चे. छेदिका काटकोनात असली तर आठही ९०°. एकाच बाजूचे, एकाच दिशेचे दोन कोन म्हणजे संगत, ते इंग्रजी एफ अक्षरात बसतात. आतले आणि विरुद्ध बाजूंचे म्हणजे आंतरव्युत्क्रम, ते झेड अक्षरात. आतले आणि एकाच बाजूचे म्हणजे आंतरकोन, यांची बेरीज १८०°. अक्षर उलटं, आडवं, आरशातलं असू शकतं, म्हणून पान फिरवून बघायची सवय लावा. संगत कोनांची कसोटी तर ती रोज वापरते, तिला माहीत नसेल एवढंच. पट्टी धरून तिच्या कडेने गुण्या सरकवत समांतर रेषा काढायला शिकवलंय ना, तिथे पट्टी ही छेदिका आहे आणि गुण्याचा न बदलणारा कोन हा संगत कोन.

लंब रेषांबद्दल पुस्तक थोडक्यात आटोपतं. मला मात्र तिथे थोडं थांबावंसं वाटतं, कारण समांतर असणं आणि चौरस बसणं यांतली गल्लत मला माझ्या स्वतःच्या घरात भोवली. १२ फूट बाय १० फूट अशी खोली आखायची होती. गवंड्याने समोरासमोरच्या भिंती मोजल्या, १२ ला १२, १० ला १०, आणि फक्की मारली. मीही मान डोलावली. समोरासमोरच्या बाजू सारख्या म्हणजे समोरासमोरच्या भिंती समांतर, हे पूर्ण खरं आहे. पण तेवढ्याने खोली आयत होत नाही, समांतरभुज चौकोन होतो. जोत्यावर भिंती चढल्या, छत पडलं, आणि शहाबादी फरशी बसवताना भिंतीकडेला पाचर निघाली. एका टोकाला शून्य, दुसऱ्या टोकाला साडेचार इंच. त्या दिवशी कोनाकोनी टेप धरली तर एक कर्ण १५ फूट ४ इंच आणि दुसरा १५ फूट ११ इंच भरला. काटकोनी असती तर दोन्ही कर्ण साधारण १५ फूट साडेसात इंच आले असते. आखणीच्या दिवशी कर्ण मोजले असते तर पाच मिनिटांचं काम होतं.

चांगला गवंडी कोपऱ्यात ३-४-५ धरतो. एका दोरीवर ३ फुटांवर खूण, दुसऱ्या दोरीवर ४ फुटांवर खूण, दोन खुणांमधलं अंतर ५ फूट भरेपर्यंत दुसरी दोरी सरकवायची. मोठ्या जोत्याला ६-८-१०, म्हणजे चूक कमी होते. दोरीने काटकोन पाडण्याची ही रीत आपल्याकडे शुल्बसूत्रांइतकी, म्हणजे यज्ञवेदी आखण्याच्या प्राचीन ग्रंथांइतकी जुनी आहे, आणि शुल्ब या शब्दाचा अर्थच दोरी. एकाच रेषेला लंब असलेल्या दोन रेषा एकमेकींना समांतर असतात, कारण दोन्हीकडचे संगत कोन ९०°. म्हणून एक भिंत सरळ धरून तिच्यावर दोन लंब उभे केले की समोरासमोरच्या भिंती आपोआप समांतर होतात. उलट क्रमाने गेलं की माझ्यासारखं होतं. ताई, घराजवळ कुठे आखणी चालू असेल तर मुलीला तिथे घेऊन जा, आणि कर्ण मोजायला तिलाच टेप द्या.

शेवटी एक गणित देतो, तेही आपल्या भागाशी नातं असलेलं. चाळीसगावजवळच्या पाटणला शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ काढल्याचं त्यात कोरलेलं आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत दोन वेळूंचं, म्हणजे बांबूंचं, एक उदाहरण आहे. एक वेळू १५ हात उंच, दुसरा १० हात. दोघांमधलं अंतर माहीत नाही. प्रत्येकाच्या शेंड्यापासून दुसऱ्याच्या बुंध्यापर्यंत दोरी ताणली. दोन्ही दोऱ्या जिथे छेदतात ती जागा जमिनीपासून किती उंच? उत्तर आहे ६ हात. १५ आणि १० चा गुणाकार १५०, बेरीज २५, भागले की ६. वेळू जवळ रोवा किंवा लांब रोवा, उंची ६ च.

हे अंगणात १५ आणि १० इंचांच्या काड्यांनी, दोन दोरे बांधून करून पाहा. आधी काड्या २० इंचांवर रोवा, मग ४० इंचांवर. मोजपट्टी तिच्या हातात द्या. छेदनबिंदू दर वेळी आखूड काडीच्या जवळ सरकलेला दिसेल, उंची मात्र हलणार नाही. उंची का हलत नाही ते दहावीत समरूप त्रिकोण आले की ती दोन ओळींत लिहील. पण आत्ता आणखी एक करा. दोन्ही काड्या एकाच बाजूला सारख्याच कलत्या करा, म्हणजे जमिनीच्या रेषेशी दोघींचा संगत कोन एकच राहील. आता काड्यांना समांतर अशी मोजपट्टी धरून छेदनबिंदूपासून खालपर्यंत मोजा, तरीही ६ इंचच भरतील. काड्या उभ्या असण्याची गरजच नव्हती, त्या समांतर असणं पुरेसं होतं. मग एकच काडी थोडी जास्त कलती करा, दुसरी तशीच राहू द्या, आणि पट्टी पुन्हा त्या दुसऱ्या काडीला समांतर धरून मोजायला सांगा. आता ६ येणार नाहीत.